न भरणारा खड्डा

प्रिय छकुली,

वर्षभराच्या अबोल्यानंतर बाबाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही.

तू प्रयोगशाळेतून आईच्या नावाने रंगाची पुडी पाठवलीस. संडासात टाका आणि विहिरीचं पाणी हिरवं होतंय का बघा, असं बजावलंस. पण जन्मभर विहिरी खणलेल्या माणसाने आपल्याच संडासावर संशय घ्यायचा? माझा संशय शेजारच्या लाँड्रीवाल्याच्या साबणावर. तेव्हा धुतलेलाच शर्ट पुन्हा धुवायला देण्याच्या निमित्ताने गेलो आणि अर्धी पुडी त्याच्या मोरीत ओतून आलो. दोन आठवडे रोज विहिरीत डोकावलो. पाणी नितळ! काय हरवलंय, असं आईने दोनदा विचारलं. शेवटी वैतागून उरलेली पुडी आपल्या संडासात टाकून मोकळा झालो.

अकराव्या दिवशी माझ्या पेल्यातलं पाणी पोपटी. मी आधी पेल्याला नावं ठेवली. आणखी आठवड्याने लाँड्रीवाल्याच्या दोरीवरच्या सगळ्या पांढऱ्या चादरी पोपटी झाल्या आणि तो आमच्या दारात उभा. बिचारा माफी मागायला आला होता गं! त्याच्या साबणाने काहीतरी घोळ केला आणि आमचंही पाणी बिघडलं, असं त्याला वाटलेलं. मग मला राहवलं नाही, सगळं कबूल केलं. तो पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, तरीच तो शर्ट स्वच्छ होता.

तो संडासाचा खड्डा मीच खणलेला, तळ न बांधता. तीस वर्षांत एकदाही उपसावा लागला नाही म्हणून चारचौघांत किती मिरवलो! आपल्या जमिनीखाली नुसती वाळू आणि गोटे. त्यांच्या फटींतून पाणी दिवसाला दोन-तीन हात उताराकडे सरकतं. माझ्या खड्ड्यातून माझ्या विहिरीत, तिथून त्याच्या विहिरीत. त्याचा साबण चढ चढून माझ्याकडे येणार कसा? पाणी कुठून येतं एवढंच मी आयुष्यभर पाहिलं. खड्डा भरत नाही तर घाण जाते कुठे, असं तू विचारलंस तेव्हा मी ताटावरून उठलो होतो.

गेल्या खेपेला तू पोटुशी होतीस, पिण्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन आलीस. माझ्या घरचं पाणी चालत नसेल तर येऊ नकोस, असं मी म्हणालो, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस. नात पाच महिन्यांची झाली, मी तिला फोटोतच पाहतोय. हे पाणी तिच्या दुधात गेलं असतं तर, या विचाराने लगेच कामाला लागलो. खड्डा उपसून बुजवला. पक्क्या तळाची टाकी बांधली. प्यायला नळ घेतला. चुकलं माझं, छकुली. तिला घेऊन ये. नळाचं पाणीही तपासून बघ, आणि तोवर हव्या तेवढ्या बाटल्या आण. मी स्वतः उचलून आत ठेवीन.

तुझाच,
पोपटी बाबा