पाचशे तासांची वही

हैदराबाद, मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९ वाजून २० मिनिटे. आपल्या यंत्राच्या पंपाला तापमापक लावून बसलो आहे.

वंशीबावा,

भावोजी म्हणून नमस्कार, पण रागातच.

काल तुम्ही कोरी वही माझ्या पुढ्यात टाकलीत. "कोटी, तुझं अक्षर मोत्यासारखं. पाचशे तासांच्या चाचणीच्या नोंदी भरून टाक. उद्या दुपारी सरकारी अनुदानाचे साहेब बघायला येतायत."

"बावा, यंत्र एकसष्ट तासच चाललंय. मग पंप तापून बंद पडला."

"दुसरा हप्ता आला की नवा पंप घेऊ. नाही आला तर कंपनीला कुलूप. मग दहावी नापास मेहुण्याला कोण ठेवून घेणार रे?"

आणि हसलात. चहा घेऊन आलेली माझी अक्काही हसली, पण माझ्याकडे न बघता.

हे यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास देणार आहे. खोट्या नोंदींवर ते पुढच्या महिन्यात जिल्हा रुग्णालयात जाईल. बासष्टाव्या तासाला त्या बाळाने काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरेटमध्ये लिहिलंय का?

हे पत्र तुम्हाला देणार नाही. तुम्ही गोड बोलून मला गप्प कराल. वही मात्र भरली आहे. एकसष्ट तास, प्रत्येक तासाचं तापमान, आणि शेवटी 'पंप बंद'. दुपारी ती मीच साहेबांच्या हातात देणार आहे. कुलूप लागलं तर लागू दे.

तुमच्याच कंपनीतला,
कोटेश्वर

मिळालेला पहिला हप्ता : वीस लाख रुपये.
खर्च : एकोणीस लाख चाळीस हजार.
देणं : चारशे एकोणचाळीस तास.