राजीनामा आधी, अर्ज मग

निपाणी, ४ फेब्रुवारी २०२६

चि. समतास सप्रेम जयभीम.

शाळेच्या आगीतून एकोणीस पोरं काढलीस म्हणून इंग्लंडात तुला शौर्यपदक मिळालं, हे गावाला स्टँडवरच्या फ्लेक्सवरून कळलं. त्यावर तुझा फोटो बोटाएवढा. बाकी जागा शुभेच्छुकांनी बळकावलीय. झुरळ बघून खाटेवर चढणारी ती हीच का, असं मी कुणाला विचारलं नाही. आता निवडणुकीलाही उभी राहतेस म्हणे? आई गल्लीभर सांगत सुटलीय. फोनवर तू नुसती हसतेस, म्हणून हे पत्र.

लोभ पूर्वीचाच, पदकामुळं वाढला असं समजू नकोस.

तुझा अण्णा, समाधान

इंग्लंड, १९ फेब्रुवारी

ती. अण्णांस सा. जयभीम. वि. वि.

उभं राहायचंय खरं. जळालेली शाळा दुरुस्त करायची सोडून कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) ती बंदच करतंय. ते अडवायचं तर आत जाऊन बसायला हवं. पण इथं कौन्सिलच्या शाळेतल्या मास्तरणीला त्याच कौन्सिलला उभं राहता येत नाही. आधी राजीनामा, मग अर्ज. पडले तर शाळाही गेली, नोकरीही. काय करू? आईला एवढ्यात वाचून दाखवू नकोस.

माया असू दे.

तुझी समता

निपाणी, ३ मार्च

चि. समतास सप्रेम जयभीम.

आईला ऐकवल्याशिवाय या घरात पत्र येत नाही की जात नाही. तुझं वाचलं, मग माझं उत्तर वाचलं : ‘नोकरी सोडू नकोस’, तीन पानं. आईनं ती शांतपणे फाडली. म्हणाली, “तंबाखूच्या वखारीत आमी संपाला बसलो तवाबी काम जाईल म्हणून लई जण भ्या घालत हुते. शाळा ऱ्हायली तर शिकवाय दुसरी बाई यील. शाळाच न्हाय ऱ्हायली तर ही कुठं शिकवणार हाय?”

मी हायस्कुलातला क्लार्क. फाटकी पानं चुलीत घातली आणि हे नवं लिहायला बसलो.

आमची काळजी करू नकोस, ती करायला मी आहे.

अण्णा

इंग्लंड, १८ मार्च

ती. आईस व अण्णांस सा. जयभीम. वि. वि.

सोमवारी राजीनामा दिला. अर्जावर सूचकाची सही हवी, म्हणून पहिलंच दार वाजवलं. म्हाताऱ्यानं विचारलं, भारतात तुमचं गाव कुठल्या राज्यात? म्हटलं, महाराष्ट्र की कर्नाटक, त्यावर कोर्टात केस चालू आहे. तो हसला नाही. आतून नातीला बोलावून विचारलं, धुरातून तुला काढणाऱ्या बाई याच का? तिनं मान हलवली, तसं त्यानं पेन मागितलं.

आज अर्ज भरला. उद्यापासून दारोदार.

तुमची समता