पेशकारांच्या पंख्याची दोरी

ता. ११ खुर्दाद १३५० फसली. नांदेड, धर्मशाळा.

पोचलो. हदगावपासून मोटारीत इस्त्रीचा कोट मांडीवर धरून बसलो — घडी मोडली नाही! उद्या संध्याकाळी मुलगी बघायची. नाव सौदामिनी. (दोनदा लिहून पाहिलं. बरोबर आहे.) वडील मार्तंडराव इथल्या कचेरीत पेशकार — साहेबापुढे कागद ठेवतात. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला. कारण एकच: मुलगा तोंड उघडत नाही. माधवमामा म्हणाले, "आता मुका बसलास तर मी तुझ्यासंगं यायचा न्हाई."

सकाळी जुनी कचेरी बघून घ्यावी म्हणतो. तिच्या दारात हत्ती बांधायची कडी आहे, असं शाळेत मास्तर सांगायचे. मामा: "कचेरी बघायला आलास का पोरगी?"

ता. १२, दुपार.

अनर्थ!

कडी आहे. हात लावून पाहिली. भिंती काळ्या दगडाच्या, आत शिरलं की ऊन बाहेरच राहतं. मामा ओळखीच्या वकिलाशी बोलत बसले. मी ओसरीवर. घामानं कोट खराब होईल म्हणून काढला, घडी केली, टोपीसकट रुमालात बांधला. आत छताला टांगलेला झालरीचा मोठा पंखा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून ओसरीवर येते. ती कशी सरकते ते पाहायला खाली बसलो, नुसती धरली — आणि चपराशी संगप्पा ओरडला, "ए! पंखेवाल्या सटवाजीच्या जागी तूच का? धरून काय बसलाव? वढ की! साहेब घामानं भिजून राहिले!"

मी नाही म्हणणार होतो. खरंच. पण तोवर ओढली होती.

मग सोडता येईना. सोडली की आतून "अरे!" यायचं. हळूहळू हात बसला. हिसका न देता सारखं ओढलं की झालर फडफडत नाही. आतून कुणीतरी म्हणालं, "पेशकारसाब, आज हवा क्या खूब है!" दुसरा आवाज — "हाव. आज पंखेवाला झोपला न्हाई."

पेशकार! म्हणजे मार्तंडराव! होणाऱ्या सासऱ्याला — आणि आता न होणाऱ्या! — वारा घालून राहिलो होतो मी!

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. आणखी मन लावून ओढली.

मामा आले तेव्हा कचेरी उठली होती. दोन्ही तळहातांना फोड.

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर.

पोह्यांची बशी हातात धरवेना. मार्तंडरावांना फोड दिसले. "हाताला काय हो?" मी हात मांडीखाली लपवले. मामा लगेच, "तालमीत जातो की! मुद्गल फिरवतो!" मार्तंडराव खूश. "अस्सं! आमच्याकडं जोडी हाय. दाखवा बरं!"

कोपऱ्यात जोडी होती. एकेक माझ्या मांडीएवढा.

मामा आढ्याकडे बघू लागले.

सौदामिनी पाटावर, मान खाली. मी बशी ठेवली. तोंड उघडलं. "मुद्गल नाही. सकाळी आपला पंखा मी ओढत होतो. संगप्पा म्हणाला ओढ. मला नाही म्हणता आलं नाही."

मग पाटावरून खुदकन आवाज! तिनं पदर तोंडात कोंबला. मार्तंडराव हसले नाहीत. पानदान पुढे ओढलं आणि म्हणाले, "कळवतो."

मागच्या दोघांनीही "कळवतो"च म्हटलं होतं.

वाटेत मामा: "बोल म्हणलं होतं. पण इतकं?"

ता. १३.

मामा बोलत नाहीत. मोटार उद्या.

ता. १४, सकाळ.

वळकटी बांधली, तर दारात संगप्पा! मला धरायलाच आला वाटलं. पण तोच घाबरलेला. "मालक, मी 'ए' म्हनलो तेवढं पेशकारसाबांना सांगितलं न्हाई न्हवं?" हातात लोण्याची डबी. घरात सगळ्यांचा होकार झाला म्हणाला. डबी मात्र सौदामिनीताईंनी दिली, निरोपही त्यांचाच: हात लवकर बरे करून घ्या, हार घालायचा आहे.

मामांनी त्याला तीनदा बोलायला लावलं.

लोणी लावलेल्या हातानंच लिहितोय. पानावर हा डाग पडला. राहू दे.