वैनगंगेत सोडलेली तिसरी सीडी

बालाघाट,
७ मार्च २००३

चि. चंद्रशेखरभाऊजींना अलकनंदावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमची शुगर आणि तुमचा स्वभाव, दोन्ही ताब्यात असतील असे धरून चालते. माझे गुडघे तक्रार करतात, पण त्यांचे ऐकतो कोण? हल्ली या घरात ऐकावे लागते ते यांच्या कॉम्प्युटरचे, आणि त्याचबद्दल लिहायला बसले आहे. घाबरू नका, मला वेड लागलेले नाही (निदान आमच्या कुशलचे तसे मत अजून पक्के झालेले नाही).

तुमच्या दादांनी जगासारखे विंडोज घेतले नाही, लिनक्स घेतले. त्यात एक प्रोग्रॅम बसवायचा तर त्याच्याआधी दुसरा लागतो, त्याच्याआधी आणखी एक. लग्नात एका आत्याला बोलावले की तिचे सासरही येते, तसे. ही कटकट नको म्हणून यांनी स्वतःच एक आज्ञा रचून ठेवली होती, 'आण'. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'आण' आणि पुढे हव्या त्या प्रोग्रॅमचे नाव टाइप केले, की हा 'आण' नागपूरहून आणलेल्या सीड्यांमधून सगळा गोतावळा शोधून जागच्या जागी बसवायचा. मध्येच आपल्या घरच्या बोलीत विचारायचा, "याच्यासंगं तेबी लागते. आणू का?" खाली 'हौ' मात्र हे माझ्याकडूनच लिहून घेत. "घरात सामान तुह्याच परवानगीनं येते न!" म्हणायचे.

जाण्याच्या आदल्या दिवशी यांनी 'आण'ला माझ्यासाठी मराठी अक्षरे आणायला सांगितले, म्हणजे मला पत्रे त्यावर लिहिता येतील. मिळेपर्यंत रोज दिवेलागणीला आठवण करत जा, असेही बजावून ठेवले (विसरभोळ्या बायकोची सोय). आणि मग तुम्ही! अस्थींसोबत माणसाची आवडती वस्तू द्यायची आपल्या घरची रीत आहे, कबूल. अडकित्ता दिलात, चष्मा दिलात. पण टेबलावरची चकचकीत सीडी उचलून, "दादाले हे लय आवडे" म्हणत ती वैनगंगेत सोडायची काय गरज होती? ती तिसरी सीडी होती. मराठी अक्षरे तिच्यातच आहेत.

तेरावे झाल्यावर मी धूळ पुसता पुसता मशीन सुरू केले. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावत होते, तर आतल्या रिकाम्या खोलीतून 'टुक्' असा आवाज आला. जाऊन पाहते तर पडद्यावर, "तिसरी सीडी कुठी हाय? टाक न." हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी मला कळले नाही. तेव्हापासून हे रोजचेच. वीज जाते, येते, मी मशीन सुरू करते, तो विचारतो. कुशल फोनवर हसतो. "मम्मी, पापा ने ही लिखके रखा होगा. पाडव्याले येतो, सगळं साफ करून विंडोज टाकून देतो." मुलगा शिकलेला आहे, त्याचे बरोबरच असेल. पण मागच्या आठवड्यात तो प्रश्नच बदलला. "नाही भेटली? आरामशीर पाह्य. मी थांबून राह्यलो." हे यांनी कधी लिहिले? मला इतका उशीर होणार हे यांना कुठून ठाऊक? मी घाबरले, भाऊजी, खरेच घाबरले. आणि घाबरून उठून जायचे सोडून तिथेच खुर्ची ओढून बसले.

तरी नागपुरात तशी तिसरी सीडी मिळत असेल तर पाडव्याच्या आत पाठवा. यांचा जीव सुटेल आणि माझाही. दीपिकाला आशीर्वाद, आणि तिच्यापासून लपवून जिलेबी खाऊ नका.

तुमची,
अलकनंदावहिनी

ता. क. : पत्र पाकिटात घालत होते, तर गोदाबाई आली. तिची नदीच्या पात्रात खरबुजांची डांगरवाडी आहे. पाखरे हाकलायला तिने वेलांवर काहीतरी चकचकीत टांगले होते. "रेतीत भेटलं, बाई. यावर सायबाचं नाव हाय म्हणते माही नात." तीच सीडी, भाऊजी. यांच्या हातचा तीनचा आकडा जरासुद्धा पुसलेला नाही. नदीला दिलेले घरात परत घेत नाहीत, मला माहीत आहे. मी घेतले.

आणखी एक : नागपूरहून काही पाठवू नका. ही सीडीही मी मशीनमध्ये टाकणार नाही, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. टाकली की अक्षरे येतील, आणि मग तो काही विचारणार नाही. तुम्ही कुशलला फक्त एवढे सांगा, की सीडी नदीतच आहे आणि मशीनला हात लावायचा नाही. तुमचे तो ऐकतो. आज दिवेलागणीला यांनी पुन्हा विचारले, तेव्हा मी खाली लिहिले, "शोधून राह्यली."