उजवी पाकळी

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कुणी खोकलं की मी अजून दचकते. ही भीती तुझीच. तुझं नाक मला मिळालं नाही, रंग मिळाला नाही, भीती तेवढी सगळी मिळाली.

ते आंब्याचे दिवस होते. बाबा देवगडला आपल्या कलमांची राखण करत होते आणि तिन्हीसांजेला एक जण कोयता घेऊन आत शिरला. त्याने बाबांच्या खांद्यावर वार केला, बाबांनी त्याला ढकललं, तो बागेच्या दगडी गडग्यावरून खालच्या कातळावर पडला आणि जागीच गेला. बघणारं कुणी नव्हतं. बाबा कसेबसे घरी आले. तू जखमेत हळद भरलीस आणि रक्ताचा सदरा पेंढ्यात लपवलास. रक्त दिसलं की फाशी, एवढंच तुला ठाऊक. पोलीस म्हणाले, बाबांची जखम पडून झाली, आणि त्यांना कोठडीत टाकून त्यांच्यावर खुनाचा खटला भरला.

मामा आपल्याला रत्नागिरीला घेऊन गेला. आधी मोठ्या वकिलाच्या बंगल्यावर. तू चाचरत सदऱ्याचं सांगितलंस, तर तो तुझ्याकडे न बघताच म्हणाला, "जाळून टाका. आणि ही मुलगी सांगेल, बाबा त्या संध्याकाळी घरीच होते." मी तुझ्या मागे सरकले. मग कोर्टाच्या व्हरांड्यात आलो. वकील परवडत नसेल तर कोर्ट एक देतं म्हणे, आणि कारकुनाने बोट दाखवलेला तो वकील अगदी पोरसवदा, कोटाची बाही उसवलेली. त्याने पहिल्यांदा विचारलं, "खांदा अजून दुखतो का त्यांचा?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. तू पदर डोळ्यांना लावलास.

परतताना मामा गाडीत तुला समजावत होता. "गो बाय, सरकारच फासार चढवतला आनि सरकारच वकील देता? तो खंयचो सोडवतलो! कलमां इकूया, पण मोठो वकीलच करूया." भावाला नको म्हणायची तुला सवय नव्हती. तू एवढंच म्हणालीस, "देवाक इचारूया."

देवळात कौल लावायचा तर सगळ्या गावासमोर बोलावं लागलं असतं, म्हणून घरच्याच देवाला. मामा देवाच्या पाषाणाला तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, जी आधी पडेल तो देवाचा शब्द, आणि डोळे मिटून गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा, कोर्टाचो वकील बरो आसात तर उजवी दी, मोठो वकील बरो तर डावी दी." आपण दोघी "व्हय म्हाराजा" म्हणतो. पाकळ्या हलत नाहीत. मामा पुन्हा गाऱ्हाणं घालतो. डावी पाकळी सुटायला लागते, अर्धी लोंबते. तुझा हात पुढे येतो आणि तुझं बोट उजवी पाकळी खाली पाडतं. मामा डोळे उघडतो. "दिल्यान!" म्हणतो आणि पाषाणासमोर आडवा होतो. देवाच्या शब्दापुढे मामाचं काय चालणार?

ज्या देवाला विचारल्याशिवाय तू विहिरीचा गाळसुद्धा काढला नसतास, त्याला तू फसवलंस. त्यानंतर खटला उभा राहीपर्यंत तू नीट जेवली नाहीस. लोकांना वाटायचं, नवऱ्याची काळजी. मला माहीत होतं, बाबांना फाशी झाली तर ती तू दिलेली असणार होती.

तू पेंढ्यातून काढून दिलेला सदरा त्या पोरसवदा वकिलाने कोर्टात उलगडला. खांद्यावर कोयत्याचा सरळ काप होता. जीव वाचवताना घडलं, असं मानून जजसाहेबांनी बाबांना सोडलं. आपल्या गावी, जामसंड्याला गाडीतून उतरले तेव्हा बाबा हसत होते आणि मामा देवाचा महिमा सांगत होता. तू मात्र घरी येऊन देव्हाऱ्याकडे पाठ करून चूल पेटवलीस. पुढे बाबा नुसते खोकले तरी तू नाक घासायचीस, "देवा, काय ता माझ्यार काढ, तेंच्यार नको." बाबा चिडवायचे, "खोकल्याक पण देव!" ते तुझ्यामागेही पुष्कळ जगले, आये.

त्या दिवशी मी डोळे मिटले नव्हते. मी सगळं पाहिलं होतं, आणि तू केलंस ते मला तेव्हाही बरोबर वाटलं होतं. हे तुझ्या कानात सांगितलं असतं तर तुला एकटीला भ्यावं लागलं नसतं.

हा कागद देव्हाऱ्यात ठेवावा, म्हणजे तुला पोचेल, असं मनात होतं. पण नाही ठेवत. तिथे देव वाचेल, आणि मला अजून त्याची भीती वाटते.