तंबूच्या काठ्या

अहो,

सकाळी वन्सं फोनवर माझं सांत्वन करत होत्या, "गुडघ्यांमुळे राहिलं ना वहिनी, जाऊ दे." तेव्हा कळलं, डोंगरावरच्या कुरणांच्या ट्रेकमधून माझं नाव तुम्ही परस्पर काढलंत. मला विचारायला तोंड शिवलं होतं का?

पुस्तकं भरलेली सॅक पाठीवर घेऊन रोज जिने मी चढले. तुम्ही लिफ्टने वर येऊन दारात विचारायचात, "दमलीस?" कुठल्या कुरणात पाणी मिळेल, तेही नकाशावर मीच शोधलं. आणि मागच्या ट्रेकला उतारावर कुणाचा गुडघा कुरकुरत होता, ते मी कुणालाही कळवलं नव्हतं.

लीडरशी बोलून नाव परत घातलंय. दुपारच्या बसने पायथ्याच्या गावी पुढे जातेय. दूध तापवलंय, गार झालं की फ्रीजमध्ये ठेवा.

नाव काढताना एक विसरलात. ओझं नको म्हणून तंबू आपण दोघांत वाटून घेतला होता. कापड तुमच्या सॅकमध्ये आहे, काठ्या माझ्या. वर कुरणात दोरी बांधायला एक झाड नाही.

उद्या या. आधी माफी मागा, मग काठ्या.