शांतम्मासाठी कडक भाकरी

४ जानेवारी १९७४
ही डायरी माझी, फक्त माझ्यासाठी. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहिणार सूनबाई वच्छला आणि परत वाचून दाखवणारही तीच. तर वाचणाऱ्या बाई, आधी स्टोव्हवरचं दूध बघून या. विसरलात ना? ठाऊकच होतं.

आज महिला मंडळात नाव दिलं. एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, बसायचं, मैत्री करायची. मी मागच्या गल्लीतली शांतम्मा घेतली. नवरा गेला, लेक हुबळीला. इतकी वर्षं नळावर भेटते, पण तिचा उंबरा कधी ओलांडला नाही. ते मनाला टोचत होतं. आता सगळं भरून काढणार.

५ जानेवारी, रात्र
गेले. शांतम्मा बोलतच नाही. पदर तोंडाशी धरून बसते. लाजाळू. म्हणून मीच बोलले, दिवेलागणीपर्यंत. माझ्या हातच्या कडक भाकऱ्या दिल्या, वर शेंगाचटणी. सांगून ठेवलं, कडक भाकरी मोडली की आवाज आला पाहिजे, भिजवून खाणं म्हणजे करणारीचा अपमान. ती व्हय म्हणाली. मागनं खाते म्हणाली. मानी बाई, दुसऱ्यासमोर जेवत नाही.

८ जानेवारी
कळलं की शांतम्माच्या शेजारची बजाबाई तिला रोज दूधभात देते. बजाबाईला म्हटलं, आता बंद कर बाई, शांतम्मा माझ्या वाट्याला आली. भातानं माणूस निजतं, भाकरीनं उभं राहतं. बजाबाई काहीतरी सांगत होती. मला घाई होती.
संक्रांतीपर्यंत शांतम्माला गुटगुटीत करणार.

१० जानेवारी
गेले नाही. गुडघा. (वच्छला म्हणते, सकाळी मंडईत गुडघा बरा होता. तू लिही, मत देऊ नको.) पण चुटपुट लागली. म्हणून भाकऱ्या जास्त पाठवल्या.

१२ जानेवारी
शांतम्मा वाळल्यासारखी दिसली. वच्छला म्हणाली, त्या खातात का ते तरी बघा की. काय बघायचं? डबा रिकामा परत येतो. म्हणजे भूक वाढली. उद्यापासून दुप्पट.

१५ जानेवारी
काल संक्रांत. गावच्या गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांना हाका मारून मारून माझा घसा बसला. आज तिळगूळ घेऊन गेले, पण आवाजच फुटेना. (आता रात्री कुठं वच्छलाच्या कानाशी कुजबुजण्यापुरता फुटलाय.) मग शांतम्मा बोलली. लई बोलते की ती. हुबळीच्या सुनेची अशी नक्कल केली की मला हसून ठसका लागला. मी तिच्या तोंडात तिळाचा लाडू घातला. ती हसली, पदर सुटला. तोंडात दात नाही.
वच्छला, पेन का थांबलं? लिही. एकही नाही.

फळीवर पांढऱ्या फडक्यात माझ्या भाकऱ्या. ताटल्यांसारख्या रचलेल्या. थोड्या चहात बुडवून खाल्ल्या म्हणाली, मी गेल्यावर, दार लावून. मी हातानंच विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, अव्वा, भाकरी नको म्हटलं आणि तूबी यायची थांबलीस तर? आणि सांगायला तू फट कुटं ठेवतीस?
मी तोडलेल्या दूधभाताचं ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी
मंडळानं दातांचं आधी विचारून ठेवायला पाहिजे होतं. बजाबाईनं जरा मोठ्यानं बोलायला पाहिजे होतं. (हे खोड. नको, राहू दे, कळू दे मला मी कशी आहे ते.)
बजाबाईकडे गेले. ती म्हणाली, त्या दिवशी दातांचंच सांगत होते, तुम्ही पुढं निघून गेलात. भात आजपासून परत सुरू कर, असं कुजबुजून सांगितलं. ती म्हणाली, तो बंद कुठं केला, दोन दिवस केला, मग मागच्या दारानं देत होते, तुम्हाला भिऊन.
म्हणजे शांतम्मा जगली ती मला चोरून.

शांतम्माकडे जायला पाय उचलत नाही. तरी जाते. गप्प बसेन. निदान घसा सुटेपर्यंत.
वच्छला, डबा दोघींचा पाठव. तिला मऊ भात, बोटानं चिरडेल असा, वर साईचं दूध. मीठ विसरू नको. भाकरी घालू नको, फळीवरच्या मी संपवते. माझ्यासाठी नुसती आमटी दे, पातळ. भिजवायला.